नवी पिकअप, ६४० किलोमीटर: खालची सगळी ऑइल तपासली

पुढच्या आठवड्यात ट्रेलर पहिल्यांदा लागणार आहे. त्याआधी मागचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांना ताकद वाटून देणारा गिअरांचा डबा), पुढचं डिफरन्शियल, ट्रान्सफर केस (तीच ताकद पुढच्या आणि मागच्या चाकांत वाटणारा डबा) आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, चारही ठिकाणची ऑइल स्वतः बघायची ठरवली. गाडी नवी असली तरी कारखान्यातून सगळं बरोबर भरून आलं असेल असं मी धरून चालत नाही. इंजिनाला ऑइलचा दिवा तरी असतो. डिफरन्शियलमध्ये ऑइल कमी आहे हे बहुतेक वेळा घरघर सुरू झाल्यावरच कळतं, आणि तोवर बेअरिंगचं नुकसान झालेलं असतं.

जॅक लावला नाही. एवढ्या उंच गाडीखाली तसंच सरपटत जाता येतं, आणि एक टोक उचललं की पातळी चुकीची दिसते. सपाट फरशी, हँडब्रेक, चाकांना ओंडके. थोडी चालवून आणली आणि ऑइल खाली उतरायला अर्धा तास दिला.

एक सवय मी कधीच मोडत नाही: आधी भरायचा प्लग सैल करून बघायचा, निचऱ्याच्या प्लगला त्याआधी हात लावायचा नाही. ऑइल सगळं काढून टाकलं आणि वरचा प्लग निघालाच नाही, तर गाडी जागची हलवता येत नाही. प्लगभोवतीची माती मात्र ब्रशने आधी झाडून घ्या, ती आत पडू देऊ नका.

मागचा प्लग काढला तेव्हा गंधकाचा तो ओळखीचा उग्र वास आला. गिअर ऑइलमधल्या जास्त दाब सोसणाऱ्या रसायनांचा हा वास. क्राऊन-पिनियनचे, म्हणजे डिफरन्शियलमधल्या मुख्य गिअरजोडीचे दात नुसते फिरत नाहीत, एकमेकांवर घासत सरकतात, म्हणून तिथे जीएल-५ या दर्जाचं, जास्त दाब सोसणारं गिअर ऑइल लागतं. बोट आत वाकवलं, ऑइल प्लगच्या भोकाच्या काठाच्या किंचित खाली लागलं. प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ लेप होता. दोन बोटांत चोळून बघितला, लोण्यासारखा, कण एकही नाही. नवे दात एकमेकांशी जुळताना एवढी झीज होतेच. बोटाला टोचणारा तुकडा सापडला असता तर गाडी तिथेच थांबवली असती.

पुढच्यात मात्र बोटाला ऑइल लागलंच नाही. केबल टाय काटकोनात वाकवून आत सोडला आणि मोजलं: काठापासून १८ मिलिमीटर खाली. माझ्या मॅन्युअलमध्ये जास्तीत जास्त ६ दिले आहेत. सील, कव्हर, पिनियनचा फ्लँज, सगळीकडे पांढरं फडकं फिरवलं, कुठेही ओल नाही. म्हणजे गळती नव्हती, मुळात भरलंच कमी होतं. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्याच ग्रेडचं ऑइल हातपंपाने घातलं, साधारण ४०० मिलिलिटर. घाई केली नाही, कारण ऑइल ॲक्सलच्या नळ्यांतही पसरतं. दहा मिनिटांनी बघितलं तर पातळी परत उतरली होती, तेव्हा आणखी थोडं घातलं. काठोकाठ भरायचा मोह आवरला. जास्त झालं तर फेस होतो आणि ऑइल ब्रीदरमधून (आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) किंवा सीलमधून बाहेर पडतं.

ट्रान्सफर केस ठीक. त्यात गिअर ऑइल नाही, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं पातळ ऑइल) आहे. हे लेबल न वाचता भरणारे असतात म्हणून मुद्दाम लिहितो.

गिअरबॉक्सला डिपस्टिक आहे. थंड असताना पातळी कमी दिसली, पण हे ऑइल तापल्यावर फुगतं, त्यामुळे त्या रीडिंगवर काही ठरवलं नाही. वीस किलोमीटर फिरून आलो, इंजिन चालू ठेवूनच लिव्हर सगळ्या जागांवरून नेऊन पार्कला आणला आणि मग बघितलं. पातळी बरोबर गरम खुणेच्या पट्ट्यात, रंग स्वच्छ लाल.

सगळे प्लग टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्यावर आवळले आणि प्रत्येकावर पांढऱ्या पेनने रेघ ओढली. पुढचं डिफरन्शियल ट्रेलरच्या पहिल्या फेरीनंतर परत उघडणार आहे. त्या १८ मिलिमीटरची नोंद वहीत आहे.