नैराश्यावर खेड्यात राहून घेतलेले उपचार

नैराश्याचे उपचार म्हणजे नागपूरच्या मनोरुग्णालयात भरती होणे, असा समज आमच्या दर्यापूर तालुक्यातल्या गावात अजूनही आहे. माझे सगळे उपचार मात्र बाह्यरुग्ण विभागातच झाले. ते सविस्तर लिहावेसे वाटतात, कारण आमच्या खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या भागातल्या, कितीतरी घरांत बायका ‘अंगात ताकदच नाही’ एवढेच सांगून टॉनिक आणि सलाइन घेत राहतात.

माझीही तक्रार शरीराचीच होती. पहाटे फार लवकर जाग यायची, भूक मेली होती आणि निंदणाला जायचे म्हटले की छातीवर दडपण यायचे. एका खाजगी दवाखान्यात सलाइन लावली, पण आराम पडला नाही. शेवटी घरोघरी फॉर्म भरणाऱ्या आशाताईंनी विचारले, की गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटेनासा झाला आहे का आणि उदास, निराश वाटते का. दोन्ही उत्तरे ‘जवळजवळ रोज’ अशी आली, तेव्हा त्यांनी आम्हाला अमरावतीच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात पाठवले. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. खर्च झाला तो एसटीच्या तिकिटाचा आणि बुडालेल्या मजुरीचा.

आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि बी-१२ या तपासण्या झाल्या, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच गळून जातो. त्यानंतर मानसशास्त्रज्ञ मॅडमनी नऊ प्रश्न विचारले. प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण सत्तावीस. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा होता आणि मी त्याचे खरे उत्तर दिले. त्यांनी लगेच माझ्या यजमानांना आत बोलावून विचारले, “फवारणीचे औषध घरात कुठे ठेवता?” त्याच संध्याकाळी सगळे डबे दिरांच्या गोदामात कुलपात गेले आणि किल्ली त्यांच्याकडेच राहिली. संपूर्ण उपचारात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते आणि शेतकऱ्याच्या प्रत्येक घरात ती व्हावी, असे मनापासून वाटते. अडीनडीला रात्रीबेरात्री बोलता यावे म्हणून ‘टेलि-मानस’ या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांकही त्यांनी लिहून दिला, तिथे मराठीत बोलता येते.

डॉक्टरांनी पर्याय नीट समजावून सांगितले. आजार सौम्य असेल तर पुष्कळदा समुपदेशनच पुरते, तो वाढलेला असेल तर गोळ्या आणि समुपदेशन दोन्ही लागतात. रुग्ण अन्नपाणी सोडण्यापर्यंत गेला किंवा जिवाला धोका असला, तर भरती करण्याचा किंवा विद्युत उपचारांचा, म्हणजे ज्याला लोक ‘शॉक’ म्हणतात त्याचा, विचार होतो; तेही भूल देऊनच, कारण २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल न देता हे उपचार करण्यास मनाई आहे. मला एस्सिटालोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू झाली. सुरुवातीला मळमळेल, गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक लागतील आणि बरे वाटल्यावरही निदान सहा महिने गोळी चालू ठेवावी लागेल, हे त्यांनी आधीच सांगितले होते. त्यामुळे सासूबाई “डोक्याच्या गोयी खाल्ल्या त मानूस येडा होते म्हन्तेत” असे म्हणाल्या, तेव्हा मला उत्तर देता आले, की या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, मात्र त्या मनाने एकदम बंद केल्या तर चक्कर आणि बेचैनी येते.

समुपदेशनात एक वही ठेवायची होती. मन लागेल तेव्हा काम करू म्हणून थांबून राहायचे नाही. छोटे काम आधी ठरवायचे, ते करायचे आणि किती बरे वाटले त्याला दहापैकी गुण द्यायचे. ‘अंगण झाडले – एक’ अशी सुरुवात होती. पुढे ‘भुलाबाईच्या गाण्यांना बसले – चार’ असे लिहिले, तेव्हा मॅडमनी त्या ओळीखाली रेघ ओढली.

खरी अडचण पुढच्या तारखांची असते. कापूस वेचणीच्या दिवसांत अमरावतीला जाणे कोणालाच जमत नाही आणि गोळ्या तिथेच सुटतात. मी हे आधीच बोलून दाखवल्यामुळे पुढच्या गोळ्यांची सोय तालुक्याच्या ठिकाणी, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक येते त्या दिवशी झाली. आता डॉक्टर मात्रा हळूहळू कमी करत आहेत. पहाटेची झोप पुन्हा मोडू लागली, तर तारखेची वाट न पाहता यायचे, असे त्यांनी मला आणि यजमानांना, दोघांनाही बजावले आहे.