न टाकलेली की

स्क्रीनवर संदेश आला, त्याचा अर्थ असा: टाकलेली प्रॉडक्ट की या विंडोजच्या कुठल्याही आवृत्तीशी जुळत नाही, दुसरी की टाका.

मी की, म्हणजे विंडोजच्या परवान्याचा क्रमांक, टाकलीच नव्हती. पेन ड्राइव्ह लावला, लॅपटॉप त्यावरून सुरू केला, भाषा निवडली, 'इन्स्टॉल' दाबलं, बस्स. ज्या खिडकीत की विचारतात ती खिडकीसुद्धा आली नव्हती.

गोष्ट सप्टेंबर २०२५ मधली. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता आणि ऑफिसमधले १५ लॅपटॉप त्याआधी ११ वर न्यायचे होते. सगळे २०२० साली एकाच खेपेत आलेले, एकाच मॉडेलचे, सगळे विंडोज १० प्रोचे, म्हणजे ऑफिसच्या वापरासाठीच्या आवृत्तीचे. प्रोसेसर ११ ला चालणारा, ११ ला लागणारी टीपीएम २.० ही सुरक्षेची चिपही होती, म्हणजे कागदावर काहीच अडचण नव्हती. वर्षानुवर्षांचा कचरा साफ व्हावा म्हणून मी जुन्यावर नवं चढवण्याऐवजी डेटा काढून घेऊन कोरं इन्स्टॉलेशन करत होते. १४ लॅपटॉप विनातक्रार झाले. पंधरावा लेखा विभागातल्या मॅडमचा.

त्या १४ जणांनीही की विचारली नव्हती, आणि त्यात नवल काही नव्हतं. पूर्वी लॅपटॉपच्या पोटावर स्टिकर असायचा, त्यावर पाच-पाचच्या पाच गटांत पंचवीस अक्षरं. बॅटरीच्या उष्णतेने आणि मांडीवर घासून ती पुसली जायची आणि आम्ही भिंग घेऊन बसायचो. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, लॅपटॉप बनवणारे ती की थेट मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डातच साठवलेल्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये, लिहायला लागले. इन्स्टॉलेशन सुरू झालं की सेटअप आधी तिथे डोकावतो, की उचलतो आणि कुठली आवृत्ती टाकायची ते स्वतःच ठरवतो. माणसाला विचारतही नाही. म्हणजे 'टाकलेली की' ही बोर्डाने टाकलेली होती. ती प्रोशी जुळत नव्हती, आणि माझ्या पेन ड्राइव्हवर प्रोशिवाय काही नव्हतं. फाइल लहान व्हावी म्हणून बाकीच्या आवृत्त्या मीच कापून टाकल्या होत्या. कापल्या नसत्या तर सेटअपने गुपचूप दुसरीच आवृत्ती बसवली असती आणि मी पंधराव्या नावापुढे टिक करून घरी गेले असते.

पण हा विचार नंतरचा. त्या क्षणी डोक्यात आला तो संशय. इंटरनेटवर 'आयुष्यभर चालणाऱ्या' स्वस्त की विकणारे ढिगाने आहेत. त्यातल्या बऱ्याच कुठल्या तरी मोठ्या संस्थेच्या सामायिक की असतात, शंभर ठिकाणी वापरलेल्या. आज चालतात, सहा महिन्यांनी सर्व्हर त्या बंद करतो. खरं तर असली की बाहेरून टाकली तरी फर्मवेअरमधली बदलत नाही. हे मला माहीत होतं, पण संशयाला तेवढं भान नसतं.

"मॅडम, हा लॅपटॉप बाहेर कुणाकडे दिला होता का?"

मॅडमनी हातातलं व्हाउचर खाली ठेवलं. "अगं, मी जेवायला जातानासुद्धा तो कपाटात कुलपात ठेवते. माझा लॅपटॉप बाहेर?" निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली बाई, सगळं ऑफिस त्यांना वचकून असतं. मी गप्प झाले. त्याच पुढे म्हणाल्या, "की हवी आहे का? माझ्याकडे लिहिलेली आहे."

ड्रॉवरमधून डायरी निघाली. २०२० ची. लॅपटॉप हातात पडला त्या दिवशीच्या पानावर, खोक्यावरून सुबक अक्षरात उतरवलेला एक लांबलचक क्रमांक. मी एक नजर टाकली आणि डायरी परत केली. "ही की नाही मॅडम. यात शून्यं आहेत. विंडोजच्या कीमध्ये शून्य नसतंच." ते खरंच आहे. ओ आणि शून्य, आय आणि एक, एस आणि पाच या जोड्यांतलं काहीच कीमध्ये येत नाही, स्वरही नसतात. (८ आणि बी, ६ आणि जी मात्र ठेवले आहेत. ते का, देव जाणे.) शिवाय अक्षरं मोजली तर बावीसच. मॅडमनी काही न बोलता डायरी टेबलावर उघडीच ठेवली.

डिस्कला अजून हात लागला नव्हता. मी पेन ड्राइव्ह काढला आणि जुनं विंडोज १० सुरू केलं, निदान बोर्डात काय लिहिलंय ते तरी बघावं म्हणून.

मॅडमच्या स्क्रीनच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात त्यांच्या नातवाचा पासपोर्ट साइझ फोटो चिकटवलेला आहे. खालचं घड्याळ दिसेल एवढी जागा सोडून, चारही कडांना चिकटपट्टी लावलेला. मी तो शेकडो वेळा पाहिला असेन. आजी आहेत, लावला असेल, एवढंच मनात यायचं. त्या दिवशी डेस्कटॉप उघडला आणि फोटोच्या डाव्या कडेबाहेर करड्या रंगाची दोन-तीन अक्षरं डोकावताना दिसली.

"मॅडम, हा फोटो जरा काढू का?"

फोटोखाली फिकट अक्षरांत तो मजकूर होता: ॲक्टिव्हेट विंडोज.

"हे कधीपासून आहे?"

"झाली की तीन वर्षं. तुला सांगितलं होतं मी. तू म्हणालीस, काम अडत नाही ना, मग राहू दे, दुर्लक्ष करा. आता डोळ्यासमोरच्या गोष्टीकडे दुर्लक्ष कसं करायचं? म्हणून याला लावला."

मला ते बोलल्याचं आठवत नाही. पण वाक्य माझंच आहे, त्याबद्दल शंका नाही. दिवसाला चार जणांना तरी मी ते ऐकवते. आणि विंडोज ॲक्टिव्हेट नसलं, म्हणजे परवान्याची खातरजमा झालेली नसली, तरी खरंच फारसं काही अडत नाही: फाइली उघडतात, छपाई होते, सुरक्षेचे अपडेट येतात. तो मजकूर दिसतो आणि सेटिंग्जमधून वॉलपेपर, रंग वगैरे बदलता येत नाहीत, एवढंच. नंतर कळलं की मॅडमना नातवाचा फोटो वॉलपेपर म्हणूनच हवा होता. तो पर्याय बंद दिसला म्हणून त्यांनी फोटोची प्रत काढली.

कमांडच्या काळ्या खिडकीत परवान्याची माहिती देणारं एसएलएमजीआर चालवलं. आवृत्ती: प्रोफेशनल. परवान्याची स्थिती: नोटिफिकेशन, म्हणजे परवाना नाही, नुसती आठवण करून देणं चालू आहे. मग फर्मवेअरमधल्या कीचं वर्णन मागवलं. उरलेल्या चौदांपैकी कुठल्याही लॅपटॉपवर तिथे 'प्रोफेशनल' आलं असतं. इथे आलं 'कोअर सिंगल लँग्वेज'. कोअर म्हणजे होम, घरगुती वापराची आवृत्ती, आणि सिंगल लँग्वेज ही त्यातलीही एकाच भाषेची आवृत्ती. आम्ही असला लॅपटॉप कधी घेतलेलाच नाही.

मग सहज म्हणून बोर्डात लिहिलेला लॅपटॉपचा अनुक्रमांक मागवला. तोही लांबलचक, बावीस अक्षरांचा. बावीस म्हटल्यावर मी डायरीकडे वळले. सुरुवात सारखी होती, शेवटची नऊ अक्षरं वेगळी. पोटावरच्या स्टिकरवरचा क्रमांक बघावा तर तो घासून घासून गुळगुळीत झालेला. त्या लॅपटॉपचा खरा क्रमांक वाचता येईल असा जगात एकाच जागी शिल्लक होता, आणि तासाभरापूर्वी मी तो नजरेआड केला होता.

दुरुस्तीची नोंदवही काढली. नोव्हेंबर २०२२: 'लॅपटॉप सुरू होत नाही. वॉरंटीत मदरबोर्ड बदलला.' खाली चार चौकोन: डिस्प्ले, कीबोर्ड, वायफाय, चार्जिंग. चारही ठिकाणी टिक. खाली सही, माझी.

मग सगळं जुळत गेलं. विंडोजचा डिजिटल परवाना बोर्डाला बांधलेला असतो. मेमरी वाढवा, डिस्क बदला, तो हू की चू करत नाही. बोर्ड बदलला की मात्र त्याच्या लेखी ते यंत्रच नवं. आमची प्रोची की जळलेल्या बोर्डासोबत गेली. बदली आलेला बोर्ड कोरा नव्हता, दुसऱ्या कुठल्या तरी लॅपटॉपमधून दुरुस्त होऊन आलेला होता. त्या लॅपटॉपचा क्रमांक आणि त्याची होमची की पोटात घेऊन तो आला. बोर्ड बसवणाऱ्याने आमचा क्रमांक आणि की त्यावर लिहायला हवी होती. तो विसरला, आणि मी स्क्रीन उजळली हे बघून सही केली. डिस्कवर प्रो, बोर्डात होम, आणि तीन वर्षं त्या दोघांचं भांडण नातवाच्या फोटोखाली झाकलेलं.

साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्याकडे व्हॉल्यूमची की आहे ना? ती टाक आणि मोकळी हो."

टाकली असती तर दोन मिनिटांत ॲक्टिव्हेट झालं असतं. बरेच जण तसंच करतात. पण व्हॉल्यूम परवाना, म्हणजे संस्थेने एकगठ्ठा घेतलेला, हा विंडोजच्या बाबतीत फक्त अपग्रेडचा असतो. खाली आधी एक पात्र परवाना लागतो, प्रो चालतं, होम चालत नाही. म्हणजे हिरवी खूण आली असती, पण कागद खोटा ठरला असता. मी हे सांगत होते तेव्हा साहेब घड्याळ बघत होते. दाराशी उभ्या असलेल्या मॅडम म्हणाल्या, "ऑडिटला ते कागद मी दाखवते, साहेब." विषय तिथेच मिटला.

लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या हेल्पलाइनवर अर्धा तास गेला. बोर्डावरचा क्रमांक सांगितला तर 'हा तुमच्या नावावर नाही' (अर्थात नव्हता). डायरीतला सांगितला, लगेच सापडला: २०२०, प्रो, आमच्या ऑफिसच्या नावावर. वॉरंटी संपली होती, पण चूक वॉरंटीतल्या कामातली. नोंदवहीच्या पानाचा फोटो पाठवला, त्यावरची माझी सही पहिल्यांदा काही उपयोगाची ठरली. त्यांनी माणूस पाठवायचं कबूल केलं, आठ दिवसांनी.

मॅडमना आठ दिवस थांबणं शक्य नव्हतं. पेन ड्राइव्हच्या 'सोर्सेस' फोल्डरमध्ये पीआयडी नावाची छोटी टेक्स्ट फाइल ठेवून तिच्यात की लिहिली तर सेटअप बोर्डाचं न ऐकता त्या फाइलचं ऐकतो. त्यासाठी प्रोची एक सर्वसाधारण की असते, शेवटची पाच अक्षरं ३व्ही६६टी. ती इन्स्टॉल करू देते, ॲक्टिव्हेट करत नाही, पाहुण्याला दिवाणखान्यापर्यंत येऊ देण्यासारखं. संध्याकाळी सातला विंडोज ११ प्रो बसलं, डेटा परत गेला, लेजर उघडलं. मॅडम तोपर्यंत थांबल्या होत्या. मी म्हटलं, "तो मजकूर पुन्हा दिसेल मॅडम. या वेळी दुर्लक्ष करू नका, मला रोज आठवण करा." त्यांनी खरोखर रोज केली. नऊ वाजून पाच मिनिटांनी, इंटरकॉमवर.

नवव्या दिवशी कंपनीचा मुलगा आला. त्याच्या पेन ड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला, बोर्डावर आमचा क्रमांक लिहिला, मग की. वीस मिनिटं. शेवटी काळ्या पडद्यावर पंचवीस अक्षरं आली, ती मी पटकन कागदावर उतरवून घेतली. विंडोजमध्ये आल्यावर कमांडने मागवून कॉपी करता आली असती, हे सुचलं नंतर. कागदावरून टाकली, एंटर दाबलं, आणि लाल अक्षरांत: की वैध नाही. पुन्हा टाकली. पुन्हा तेच.

मॅडमनी कागद माझ्या हातातून घेतला आणि चष्मा कपाळावरून खाली आणला. "मी वाचते, तू टाक." व्हाउचरवरच्या रकमा वाचाव्यात तशा ठाशीव आवाजात एकेक अक्षर. तिसऱ्या गटात मी सहा दाबला तशा थांबल्या. "तो जी आहे. सहा नाही."

"मीच लिहिलंय मॅडम, सहा आहे तो."

"तुझे सहा मला माहीत आहेत. तुझी बिलं मी पास करते."

जी दाबला. चाक फिरलं, आणि 'विंडोज ॲक्टिव्हेट झालं आहे' अशी ओळ आली. त्या सगळ्या प्रकरणात मी हाताने टाकलेली खरी की ती एकच.

नोंदवहीत त्या दिवशीच्या पानावर चार चौकोनांशेजारी पेनाने पाचवा काढला, वर 'ॲक्टिव्हेशन' लिहिलं आणि टिक केली. मागे वळून बघते तर मॅडम स्क्रीनवरचा फोटो नखाने हळूहळू सोडवत होत्या. खाली चिकटपट्टीचे चार डाग. वॉलपेपरचा पर्याय उघडून दिला. नातवाचा नवा फोटो त्यांच्या मोबाइलवर होता, आता तो बराच मोठा झालाय. तो पडद्यावर पसरला, आणि डेस्कटॉपवरच्या साठेक एक्सेल फायली त्याच्या तोंडावर आल्या.

मॅडमनी क्षणभर बघितलं. "काहीच दिसत नाही गं त्याचं," म्हणाल्या, आणि जुना पासपोर्ट साइझ फोटो उचलून पुन्हा कोपऱ्यात चिकटवला.