भडकल गेटसमोरची खोली

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी परभणीहून तपोवन एक्सप्रेसनं संभाजीनगरला गेलो आणि तीन रात्री लॉजवर काढल्या. मामीचं घर शहरातच आहे, पण तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. शिवाय आईचं म्हणणं, "दुसऱ्याच्या घरी घडीघडी डोळ्यात थेंब टाकून घ्यायचे, मला नाही बाई जमणार." तिनं धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी एवढी बांधून घेतली होती की मला वाटलं, आपण महिनाभर राहायला निघालोय.

लॉज साधंच. काउंटरवरच्या पोरानं आधारच्या झेरॉक्स घेतल्या आणि 'गरम पाणी सकाळी सहा ते आठ' असं सांगितलं. सहा ते आठ नळातून फक्त आवाज यायचा. मग बादलीभर पाणी खालून मागवायचं, ते यायला पाऊण तास. तक्रार एवढीच. खोलीची खिडकी मात्र थेट भडकल गेटकडं उघडायची. रिक्षा, हॉर्न, समोर बाबासाहेबांचा पुतळा आणि मधोमध ती थोरली कमान. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत इतिहास शिकवते. निजामशाहीचा वजीर मलिक अंबरनं मुघलांना हरवलं त्याची आठवण म्हणून १६१२ मध्ये हा दरवाजा उभारला, हे वाक्य मी वर्गात किती वेळा म्हटलंय. त्याच्याकडं बघत दात घासायची वेळ पहिल्यांदाच आली.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, काळा चष्मा दिला, 'दोन दिवस प्रवास नको' म्हणाले. त्यातल्या एका दिवशी मामी येऊन बसल्या आणि आईनंच मला हाकललं. "जा, किल्ला बघून ये. इथं बसून माझ्याकडं काय बघायलीस?"

मध्यवर्ती बसस्थानकावरून काळी-पिवळी पकडली. दौलताबाद पंधरा-सोळा किलोमीटर. चांद मिनार, भारतमातेचं मंदिर, हत्ती हौद हे सगळं मी भराभर मागं टाकलं. मला अंधारी, म्हणजे किल्ल्यातली ती भुयारी वाट, बघायची होती. खंदकावरचा पूल ओलांडला की डोंगर तासून सरळ भिंतीसारखा केलेला दिसतो. त्यावर घोरपडसुद्धा चढेल की नाही, शंकाच आहे. आत शिरलं की वळणावळणाच्या पायऱ्या, वटवाघळांचा वास आणि मिट्ट काळोख. टॉर्च घेऊन एक म्हातारे वाटाडे पुढं होते. "हितं शत्रू आला की वरून जाळ करायचे, धूर कोंडायचा," म्हणाले. माझ्या मागची कॉलेजची पोरं मोबाईलचे लाइट लावून ओरडत होती. वाटाड्यांनी त्यांना बंद करायला लावले, आणि मग दोन मिनिटं कोणी शब्द काढला नाही.

उतरताना चिनी महालापाशी थांबले नाही फारशी. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान तानाशाह इथं औरंगजेबाच्या कैदेत होता. मेंढा तोफेपाशी मात्र बराच वेळ बसले. हात लावला तर ऊन-ऊन. एवढा डोंगर तासलेला, एवढा खंदक, भुयार, तोफ. आणि किल्ला पडायचा तो पोटापाशी. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी अचानक चालून आला तेव्हा रामदेवरायाच्या लोकांनी घाईघाईनं पोती गडावर नेली. सांगतात की उघडली तर त्यात धान्याच्या ऐवजी मीठ! राजाला तह करावा लागला. आणि १६३३ मध्ये महाबतखानानं वेढा घातला, सुरुंगांनी बाहेरचे तट फोडले, आत खायला उरलं नाही, तेव्हा किल्ला मुघलांच्या हवाली केला तो फतेहखानानं. म्हणजे मलिक अंबरच्याच मुलानं. बापाचा विजय माझ्या खिडकीसमोर उभा, आणि मुलाची शरणागती मी बसले होते त्या जागेवर. मधे फक्त एकवीस वर्षं. वर्गात ही दोन वाक्यं दोन वेगळ्या धड्यांत येतात, म्हणून मी कधी जोडलीच नव्हती.

खाली उतरले तर रस्त्याला सीताफळांच्या पाट्या. दोन किलो घेतली, विक्रेत्यानं कागदी पिशवीत भरून दिली.

संध्याकाळी आईला मिठाच्या पोत्यांची गोष्ट सांगितली. तिला राजाबद्दल काही वाटलं नाही. "आणताना एक पोतं उघडून बघायला काय झालं होतं? मी तर जवारीच्या कट्ट्यात खालपर्यंत हात घालून बघते."

"घाई होती गं आई, शत्रू दारात होता."

"घाईतच बघावं लागतं."

आणि तिनं पिशवी ओढली. काळ्या चष्म्याआडून एका डोळ्यानं, बोटांनी चाचपत, एकेक सीताफळ काढलं. वरची चार मऊ, डोळे उघडलेली. खालची सगळी हिरवी, दगडासारखी. मामी हसू दाबत भिंतीकडं बघायला लागल्या.

आई काही बोलली नाही. कच्ची सगळी तिनं पेपरात गुंडाळून खिडकीच्या कठड्यावर ओळीनं मांडली, भडकल गेटकडं तोंड करून, आणि मऊ चारांतलं एक मला दिलं.