आईला वाचून दाखवलेला मांगा

आईनं पिशवीतून अकरा पुस्तकं काढली, टेबलावर एकावर एक रचली आणि मला म्हणाली, "ताई, यांना सांगा, माझ्या पोराचं वाटोळं या पुस्तकांनी केलंय."

पलीकडे वर्गशिक्षक, शाळेच्या समुपदेशक बाई आणि आरोग्यखोली सांभाळणाऱ्या बाई बसल्या होत्या. अलीकडे आई, तिच्याशेजारी मुलगा आणि टेबलाच्या टोकाला मी, दुभाषी. तोक्योच्या पूर्व भागात, निशि-कासाईच्या आसपास, आयटीतल्या नोकरीसाठी आलेली बरीच मराठी कुटुंबं राहतात. पुष्कळ जण मुलांना भारतीय शाळेत घालतात. या घरानं मुद्दाम सरकारी जपानी शाळा निवडली होती, मुलगा इथल्या मुलांत मिसळावा म्हणून. आले तेव्हा तो पाचवीत होता, आता आपल्या हिशेबानं आठवीत. उन्हाळ्याची सुट्टी संपली आणि त्यानं शाळेत जाणं थांबवलं. ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.

मी आईची तक्रार जशीच्या तशी जपानीत सांगितली. वर्गशिक्षकांनी सगळ्यात वरचं पुस्तक उचललं. तिशीही न ओलांडलेला माणूस. मुखपृष्ठ बघून हलकेच म्हणाले, "हे मी शाळेत असताना वाचलंय."

शुझो ओशिमी यांचा 'आकु नो हाना'. 2009 ते 2014 या काळात मासिकातून क्रमशः आलेला आणि अकरा खंडांत संपलेला मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा. नायक कासुगा माध्यमिक शाळेतला, डोंगरांनी वेढलेल्या गावात राहणारा, फ्रेंच कवी बोदलेअरच्या कविता वाचून स्वतःला गावापेक्षा वेगळा समजणारा. एका संध्याकाळी रिकाम्या वर्गात त्याला आवडणाऱ्या मुलीचे व्यायामाच्या तासाचे कपडे दिसतात आणि तो ते घरी घेऊन जातो. मागच्या बाकावरच्या नाकामुरानं ते पाहिलेलं असतं. तिथून तो तिच्या मुठीत. ती त्याला आणखी खोल ओढत नेते आणि तोही जातो, कारण आपण आतून कसे आहोत हे ओळखणारी तीच एकटी आहे असं त्याला वाटू लागतं. ते गाव म्हणजे गुन्मा प्रांतातलं किर्यू. एके काळी रेशमाच्या विणकामासाठी गाजलेलं आणि ओशिमींचं स्वतःचं.

आईला यातलं काही माहीत असायचं कारण नव्हतं. तिला जपानी वाचता येत नाही. मुलाच्या गादीखाली पुस्तकं सापडली आणि तिनं चित्रं पाहिली. तिनं खुणेसाठी कागदाचे कपटे घालून आणले होते. एका ठिकाणी रात्रीच्या वर्गात कासुगा आणि नाकामुरा शाई आणि रंग ओतून सगळं विद्रूप करतात, ती पानं. दुसऱ्या ठिकाणी उन्हाळी जत्रेतल्या मचाणावर अंगावर रॉकेल ओतून उभी असलेली तीच दोघं. त्या पानावर तिनं बोट ठेवलं तेव्हा बोट थरथरत होतं. "रॉकेल आहे हे. एवढं मला वाचल्याशिवायही कळतं."

तिची भीती खोटी नव्हती. जपानमध्ये 1972 ते 2013 या काळातल्या अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या आत्महत्यांची तारखेनुसार बेरीज केली तेव्हा सगळ्यात मोठा आकडा 1 सप्टेंबरला निघाला होता. सुट्टी संपते, शाळा सुरू होते. हा मुलगा नेमका तेव्हाच घरी बसला होता.

समुपदेशक बाई मुलाकडे वळल्या आणि त्यांनी सरळ विचारलं, "तुला मरावंसं वाटतं का?"

त्याला जपानी कळतं, पण आईसाठी मला ते मराठीत म्हणावं लागलं. वाक्य पूर्ण व्हायच्या आत आईनं माझं मनगट धरलं. "असं विचारू नका हो, नसेल डोक्यात तर येईल." हेही मी सांगितलं. बाईंनी मान तुकवली आणि घाई न करता समजावलं: विचारल्यानं विचार पेरला जात नाही, असलाच तर तो बोलायला वाट मिळते. मी सगळ्या पालकांना हे ओरडून सांगेन. लहान मुलांच्या बाबतीत आपण हा प्रश्न गिळून टाकतो आणि मग मूल एकटंच त्याच्याशी झुंजत बसतं.

मुलगा म्हणाला, "नाही. फक्त वर्गात नसावं असं वाटतं."

मग बाईंनी पुस्तकांची चळत त्याच्यापुढे सरकवली. "आईनं तिची पानं दाखवली. तुझं पान कुठलं?"

त्याला शोधावं लागलं नाही. पुस्तक आपणहूनच तिथे उघडलं. घाटातला रस्ता, धो धो पाऊस. कासुगा आणि नाकामुरा सायकलवरून डोंगरापलीकडे पळून जायला निघालेत आणि त्याला आवडणारी ती वर्गातली मुलगी, साएकी, त्यांना शोधत तिथे आली आहे. दोघी त्याला निवड करायला सांगतात. बाईंनी मला विचारलं, हे आईला वाचून दाखवाल का? शाळेतल्या बैठकीत माझ्यापुढे सूचनापत्रकं येतात, लसीकरणाचे अर्ज येतात. मांगा पहिल्यांदाच आला. मी हो म्हटलं.

आईनं खुर्ची जवळ ओढली. मी वाचत गेले तसं तिचं बोट चौकटींवरून फिरत होतं, पण आपल्या सवयीनं डावीकडून उजवीकडे, म्हणजे उलटं. मी काही म्हणायच्या आत मुलानं हात पुढे केला, तिचं बोट धरलं आणि उजवीकडच्या संवादाच्या फुग्यावर ठेवलं. मग पुढच्या. मग खालच्या. दोन पानं ती दोघं अशीच वाचत होती आणि माझा आवाज मधे होता.

त्या पानांत कासुगा कबूल करतो की त्याला निवड करता येत नाही. त्या कविता त्याला कधी नीट कळल्याच नाहीत. त्या वाचणारा मी, म्हणून इतरांहून निराळा, एवढ्याच नशेत तो होता. आत काही नाही. तो रिकामा आहे. ओशिमींनी इथे पाऊस इतका दाट काढलाय की पोरांचे चेहरे रेघांआड जातात.

आई बराच वेळ पानाकडे बघत राहिली. मग मुलाला म्हणाली, "तुला असं वाटतं? रिकामं?"

"मला हे मराठीत सांगता येत नाही. आणि जपानीत सांगितलं तर तुला कळत नाही."

हे तो मराठीत म्हणाला, अडखळत, पण पूर्ण.

मग त्यानं आणखी एक सांगितलं. दुपारी जेवताना मुलं डेस्क जोडून गट करतात. जेवण शाळेतर्फे असतं, वाढायचं काम मुलं पाळीपाळीनं करतात. हे शाकाहारी घर, त्यामुळे त्याचा डबा घरून. "माझं डेस्क जोडत नाहीत. एवढं अंतर ठेवतात." त्यानं टेबलावर चार बोटं आडवी ठेवली. कुणी मारत नाही, नावं ठेवत नाही, वस्तू लपवत नाही. रोज चार बोटं.

वर्गशिक्षक त्याच वर्गात जेवतात. त्यांचा चेहरा लाल झाला. आपल्या लक्षात आलं नाही असं म्हणून ते उठले आणि त्या पोरापुढे वाकले. सबबी सांगितल्या नाहीत, हे मला आवडलं.

आरोग्यखोलीच्या बाईंनी मुलाला विचारलं की हे सगळं वाचलंस कसं? कारण पाठ्यपुस्तकापुढे तो हात टेकतो, असं शिक्षकांच्या नोंदींत होतं. त्यानं पान उलटं करून दाखवलं. किशोरांच्या मासिकात आलेला मांगा असल्यामुळे प्रत्येक कांजीशेजारी, म्हणजे जपानीतल्या चित्राक्षराशेजारी, बारीक अक्षरांत उच्चार छापलेला. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून, स्वस्तातल्या कप्प्यातून, खाऊच्या पैशांनी एकेक खंड आणलेला. कुणालाही न विचारता पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं त्याचं हे पहिलं जपानी पुस्तक होतं. मी हे मराठीत सांगितलं तेव्हा आईनं पुन्हा एकदा त्या चळतीकडे पाहिलं.

मला स्वतःला हा मांगा दहा वर्षांच्या मुलाच्या हातात द्यावासा वाटणार नाही. त्यात क्रूरपणा आहे, देहाबद्दलची घालमेल आहे, आणि ती गुळगुळीत केलेली नाही. पण रॉकेलच्या पानावर पुस्तक मिटणाऱ्याला पुढचं कळतच नाही. शेवटच्या क्षणी नाकामुरा कासुगाला मचाणावरून ढकलून देते आणि तिलाही अडवलं जातं. दोघंही जगतात. त्यानंतर कितीतरी खंड फक्त 'नंतर'चे आहेत. कासुगाचं कुटुंब गाव सोडून साइतामा प्रांतात येतं, तो मुकाट शाळेत जातो, पुस्तकांच्या दुकानात त्याला तोकिवा नावाची मुलगी भेटते. ती चोरून कादंबरी लिहीत असते. हळूहळू तो आपलं सगळं तिला सांगतो आणि तिला सोबत घेऊन समुद्रकाठच्या गावात नाकामुराला भेटायला जातो. एवढं भयंकर हातून घडल्यावरही पुढे दिवस असतात, हे ओशिमी घाई न करता दाखवतात. पहिल्या खंडात त्यांनी अर्पण लिहिलंय: वयात येण्याच्या काळात आज होरपळणाऱ्या आणि कधीकाळी होरपळलेल्या सगळ्या मुलामुलींना. आईनं विचारलं म्हणून मी तेही वाचलं.

पुढचा अर्धा तास व्यवहाराचा. वर्षात तीस किंवा जास्त दिवस, आजारपण किंवा पैशांची अडचण सोडून इतर कारणानं न येणारं मूल इथे वेगळं मोजतात. 2023 च्या शैक्षणिक वर्षात प्राथमिक आणि माध्यमिक मिळून अशी 3,46,482 मुलं होती. मुलाला वर्गात परत आणणं एवढंच ध्येय ठेवू नये असं शिक्षण मंत्रालयानं 2019 मध्येच कळवलंय. आईला वाटत होतं, आता नाव काढून टाकणार. तसं काही नाही हे ऐकून तिचे खांदे सैल झाले. समुपदेशक बाईंनी कामाकुरा शहरातल्या ग्रंथालयाची गोष्टही सांगितली. 2015 च्या ऑगस्टअखेरीस त्या ग्रंथालयानं जाहीर लिहिलं होतं की शाळा जिवावर आली असेल तर सुट्टी घ्या आणि आमच्याकडे या, मांगाही आहेत, दिवसभर बसलात तरी कुणी काही म्हणणार नाही.

ठरलं ते असं: आठवड्यातून दोन दिवस फक्त आरोग्यखोलीत यायचं, डबाही तिथेच खायचा. वर्गातल्या जेवणाचं काय ते शिक्षक बघणार, मुलाचं नाव न घेता.

आई पूर्ण निवळली नव्हती. पुस्तकं पिशवीत भरताना म्हणाली, "मला अजून आवडली नाहीत ही." मी तेही भाषांतर करून सांगितलं, आणि समुपदेशक बाई म्हणाल्या, आवडायला हवीत असं कुठे आहे. मग आईनं विचारलं, घाटातून पुढे पोरांचं काय होतं तेवढं पुढच्या वेळी वाचून दाखवाल का. मुलगा म्हणाला, मी फुगे दाखवतो.

वर्गशिक्षकांनी दुभाषी मागवायचा पुढचा अर्ज तिथेच भरला. वेळ दीड तास, नेहमीपेक्षा अर्धा तास जास्त. कारणाच्या रकान्यात त्यांनी लिहिलं: 'वाचनासाठी'.