भांडणापुरतं कॉन्ट्रॅक्ट

स्टेट चॅनेलचं, म्हणजे दोघांनी आपसातला हिशेब ब्लॉकचेनबाहेर ठेवायच्या सोयीचं, कॉन्ट्रॅक्ट (ब्लॉकचेनवर चालणारा प्रोग्रॅम) लिहायला घेतलं तेव्हा पहिला आठवडा मी चुकीच्या दिशेने गेलो. दोघांमधल्या प्रत्येक देवघेवीसाठी एकेक फंक्शन लिहीत बसलो होतो. पण चॅनेलमधली रोजची देवघेव चेनवर येतच नाही. दोघं सुरुवातीला पैसे कॉन्ट्रॅक्टमध्ये ठेवतात, हिशेब बदलला की नव्या स्थितीवर दोघंही सही करतात, आणि चेनवर जाते ती फक्त शेवटची स्थिती. इथेरियमवर नुसता इथर पाठवायलाही २१,००० गॅस (चेनवरच्या कामाचं मोजमाप, त्यावरून शुल्क ठरतं) लागतो. चॅनेलमध्ये हजार वेळा पैसे इकडून तिकडे गेले तरी गॅस लागतो तो उघडताना आणि बंद करताना. कॉन्ट्रॅक्टची खरी गरज पडते ती दोघांचं बिनसलं तर. हे डोक्यात बसल्यावर निम्मा कोड पुसून टाकला.

सह्यांनी दोन दिवस खाल्ले. वॉलेट सही करताना मजकुराच्या आधी एक ठरावीक ओळ जोडतं आणि मी कॉन्ट्रॅक्टमध्ये ती न धरता हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) तपासत होतो. सहीवरून सही करणाऱ्याचा पत्ता काढणारं ईसीरिकव्हर फंक्शन एरर देत नव्हतं, भलताच पत्ता परत करत होतं. मग ईआयपी-७१२ या सह्यांच्या मानकाकडे वळलो. त्यात चेन आयडी (कोणती चेन ते सांगणारा क्रमांक) आणि कॉन्ट्रॅक्टचा पत्ता दोन्ही सहीत बांधता येतात, त्यामुळे आणखी एक भोक बुजलं. त्याआधी सेपोलिया या टेस्टनेटवर (इथेरियमची चाचणीसाठीची चेन) कॉन्ट्रॅक्ट नव्याने डिप्लॉय केलं, म्हणजे चेनवर चढवलं, तर जुन्या कॉन्ट्रॅक्टसाठी केलेली सही नव्यावरही चालत होती!

सगळ्यात जास्त शिकवलं एका चिन्हाने. प्रत्येक स्थितीला चढता क्रमांक असतो. कुणी जुनी स्थिती पुढे करून चॅनेल बंद करायला निघाला, तर मुदतीच्या आत समोरच्याने मोठ्या क्रमांकाची स्थिती दाखवायची. मी अट लिहिली होती ‘मोठा किंवा तितकाच’ (>=), हवी होती नुसती ‘मोठा’ (>). प्रत्येक उत्तरानंतर मुदत पुन्हा सुरू होत होती. म्हणजे तीच स्थिती परत परत पाठवून कुणीही दुसऱ्याचे पैसे हवे तितके दिवस अडकवून ठेवू शकला असता. माझ्या हाताने लिहिलेल्या टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या, कारण तोच क्रमांक दोनदा पाठवायचं मला सुचलंच नव्हतं. फाउंड्री या टेस्टिंगच्या साधनातल्या फझ टेस्टने, म्हणजे आपोआप भलभलते आकडे देऊन पाहणाऱ्या टेस्टने, ते पकडलं. तेव्हापासून मी आधी अप्रामाणिक माणसाच्या बाजूने टेस्ट लिहितो, प्रामाणिक वापराच्या नंतर.

आणखी एक गोष्ट कोडमध्ये दिसत नाही, ती क्रमाची. एकाने आधी पैसे भरले आणि दुसरा गायब झाला तर पहिल्याकडे परत मागायला सहीच नसते. म्हणून सुरुवातीच्या वाटणीवर दोघांच्या सह्या आधी, डिपॉझिट नंतर. शेवटी पैसे देतानाही दोघांना एकाच व्यवहारात ढकलत नाही, ज्याने त्याने आपले काढायचे. नाहीतर एकाचा पत्ता पैसे नाकारणारं कॉन्ट्रॅक्ट निघालं तर दुसऱ्याचेही अडकतात.

डिप्लॉय करताना अपग्रेडची सोय मुद्दाम ठेवली नाही. सही केल्यानंतर नियम बदलता येत असतील तर त्या सहीवर विसंबायचं कसं? चॅलेंजची, म्हणजे जुन्या स्थितीला उत्तर द्यायची, मुदत कन्स्ट्रक्टरमधून (डिप्लॉय करताना एकदाच चालणारा कोड) दिली, टेस्टनेटवर १० मिनिटं आणि मुख्य चेनवर २४ तास. आकड्यांची अदलाबदल होईल ही धास्ती होती, म्हणून चेन आयडी मुख्य चेनचा आणि मुदत २४ तासांपेक्षा कमी असेल तर स्क्रिप्ट तिथेच थांबते.

कॉन्ट्रॅक्ट स्वतःहून कुणाला जागं करत नाही, म्हणून चॅलेंजच्या इव्हेंटवर नजर ठेवून ताजी स्थिती पाठवणारा एक छोटा प्रोग्रॅमही लिहिला. तो आता दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या नोडना (चेनची प्रत ठेवणारे संगणक) जोडून चालतो.