सुरूचं झाड

बुधवार, रात्री अकरा

झाडाच्या अकरा ओळी झाल्या. पांढरी मॅटी, लाल दोरा, फुलीचा टाका. नक्षी पॅलेस्टाईनची आहे, गाझाकडच्या बायका अंगरख्यावर भरतात ती. तिकडे या सायप्रसच्या झाडाला ‘सरू’ म्हणतात. आपल्या कोकणातलं सुरू वेगळं झाड, पण नाव इतकं ओळखीचं निघालं की पहिल्यांदा वाचलं तेव्हा सुई हातात तशीच राहिली.

किती महिने मी गाझाच्या नुसत्या बातम्या बघत होते. बघायचं, घशाशी यायचं, मग मोबाईल पालथा ठेवून भाजी चिरायला घ्यायची. हाताला काहीतरी हवं होतं. म्हणून हे घेतलं.

या भरतकामाला तत्रीज म्हणतात आणि अंगरख्याला थोब. छातीवरचा चौकोन सगळ्यात गच्च भरलेला. पूर्वी जाणती बाई तो बघून समोरची कुठल्या भागातली ते सांगायची. रामल्लाकडचं पांढऱ्या कापडावरचं लाल काम लांबून कळे. नेगेव वाळवंटातल्या भटक्या बेदुइन बायकांमध्ये विधवा निळ्या दोऱ्यानं भरायची, आणि पुन्हा लग्न ठरलं की त्याच निळ्यात लाल टाके यायचे. हे वाचून मी कितीतरी वेळ त्या दोन रंगांचाच विचार करत होते. जुनं निळं उसवायचं नाही. त्याच्यातच लाल घालायचं.

1948 मध्ये इस्रायल झालं तेव्हा सात लाखांहून जास्त पॅलेस्टिनी माणसं घरादारातून उठली, चारशेहून जास्त गावं ओस पडली. मजदल नावाचं विणकरांचं गाव होतं. तिथले विणकर गाझात आले आणि त्यांनी पुन्हा माग लावले. त्यांच्या एका कापडाचं नाव ‘जन्नत-नार’, म्हणजे स्वर्ग आणि नरक. गडद कापड, काठाला हिरव्या आणि लाल पट्ट्या. मजदलच्या जागी आज इस्रायलचं अश्कलोन शहर आहे. कापड गाझाच्या मागावर विणलेलं असलं तरी त्याला मजदलावीच म्हणत राहिले.

निर्वासितांच्या छावण्यांमध्ये वेगवेगळ्या गावच्या बायका शेजारी आल्या तशा नक्ष्याही एकमेकींत मिसळल्या. 1967 च्या युद्धानंतर इस्रायलच्या ताब्यातल्या भागात पॅलेस्टिनी झेंड्यावर बंदी होती. 1987 ला इस्रायलविरुद्ध उठाव सुरू झाला तेव्हा बायकांनी झेंड्याचे चार रंग आणि देशाचा नकाशा थेट थोबवर भरला. काठीवरचा झेंडा शिपाई ओढून घेईल, अंगातला कपडा कसा काढणार? हे सुचलं ते सुई हातात असणाऱ्या बाईला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

डोळे चुरचुरताहेत. बस आज.


गुरुवार

आज टाका नाही घातला. वाचत बसले.

पॅलेस्टाईनमध्ये बायकांच्या गोष्टींना ‘हिकाये’ म्हणतात. थंडीच्या रात्री म्हाताऱ्या बायका सांगणार, सुना-लेकी आणि पोरं ऐकणार. पुरुषांनी तिथे बसणं बरं दिसत नसे. 2005 मध्ये युनेस्कोनं या परंपरेचा मान केला (तत्रीजचा 2021 मध्ये). गोष्ट संपली की सांगणारी म्हणते, पाखरू उडालं, तुमची रात्र सुखाची जावो. ‘साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण’ ऐकत वाढलेल्या मला हे वेगळं समजावून सांगायला लागलं नाही. श्रावणात हातात तांदळाचे चार दाणे घेऊन बसायचे, ते आठवलं.

मग रिफात अलअरीर. गाझाच्या इस्लामिक विद्यापीठात इंग्रजी साहित्य शिकवायचे. इस्रायलच्या 2008-09 च्या हल्ल्यात तेवीस दिवस बॉम्ब पडत होते. तेव्हा त्यांनी आपल्या मुलांना आई-आजीकडून ऐकलेल्या गोष्टी सांगितल्या. बाहेरचा आवाज त्यांच्या कानावर पडू नये म्हणून. मी इथे थांबले. ज्या गोष्टी बायकांच्या, पुरुषानं ऐकायलाही बसायचं नाही असा रिवाज, त्याच घरात बाप सांगतोय, कारण पोरं घाबरलीत आणि रात्र सरत नाही. नंतर त्यांनी विद्यार्थ्यांना लिहायला लावलं. 2014 मध्ये गाझातल्या तरुण मुला-मुलींच्या इंग्रजी कथांचा संग्रह संपादित केला. 6 डिसेंबर 2023 ला हवाई हल्ल्यात ते गेले. सोबत भाऊ, बहीण आणि भाचरं.

त्यांची मरणावरची, आकाशात उडवायच्या पतंगाची कविता जगभर फिरली. मला मात्र त्यांची आठवण आली की कविता समोर येत नाही. अंधाऱ्या खोलीत भिंतीशी चिकटून बसलेली पोरं दिसतात, आणि ‘मग पुढे काय झालं?’ विचारणारं एखादं.


शनिवार

गाझाच्या चित्रकार हिबा झकूत यांची चित्रं बघितली. जेरुसलेमची घरं, घुमट, आणि भरलेले थोब घातलेल्या बायका. थोबवरची फुली न् फुली मोजून रंगवल्यासारखी. 13 ऑक्टोबर 2023 ला त्या आणि त्यांची दोन मुलं हल्ल्यात मारली गेली. वय 39. त्याच महिन्यात गाझातल्या रफाहचं संग्रहालयही गेलं. तिथे जुने थोब जपून ठेवले होते.

याच्यावर लिहिताना लोक ‘किती चिवट माणसं’ असं लिहितात. मला तो शब्द नको होतो. चिवट म्हटलं की अजून सोसतील असा त्यात अर्थ निघतो. आणि जळलेला थोब चिवट नसतो. तो भरायला कुणीतरी कित्येक महिने डोळे घातलेले असतात. ते महिने परत येत नाहीत.

तरी एक गोष्ट मनातून जात नाही. 1987 च्या उठावात सुलेमान मन्सूर, व्हेरा तमारी, नबील अनानी आणि तैसीर बरकात या चौघा चित्रकारांनी इस्रायलकडून येणारे रंग वापरायचे नाहीत असं ठरवलं. मेंदी, चामडं, लाकूड, माती घेतली. मन्सूर मातीकडे वळले, कारण लहानपणी आजी माती कालवून चुली आणि मधमाश्यांसाठी घरं करायची तेव्हा ते तिच्या हाताखाली असायचे. माती वाळली, चित्राला भेगा पडल्या. त्यांनी त्या बुजवल्या नाहीत. भेगांसकट ते चित्र.

सुई, गोष्ट, माती. तिन्हीकडे आजीच भेटते.


रविवार, दुपार

आई आली होती. तिनं सवयीप्रमाणे आधी कापड उलटं केलं. मागची बाजू बघितल्याशिवाय ती कुणाच्याच कामाला बरं म्हणत नाही. गाठी दिसल्या नाहीत म्हणून मान हलवली. मग सरळ करून चष्मा वर घेतला आणि बोट सातव्या ओळीवर ठेवलं. एक घर चुकलं होतं. तिथून पुढे सगळं झाड डावीकडे सरकलेलं.

उसवायला दोघी बसलो. ती टोकानं एकेक फुली उचलायची, मी दोरा ओढायची. लाल दोऱ्याचे बारीक तंतू पांढऱ्या कापडावर राहिले, ते ओल्या रुमालानं टिपले.

“कुठलं गं हे झाड?” आईनं विचारलं.

मी मजदलपासून सांगायला घेतलं. चहा तसाच राहिला.