पुराची रात्र, सात पिल्लं आणि साबणाचा थर्माकोल बॉक्स

२०२३ च्या जुलैमध्ये कुल्लू-मनालीला पूर आला तेव्हा आम्ही तिथेच होतो. मी मूळची साताऱ्याची, यांच्या नोकरीमुळे इकडे आलो आणि राहिलो ते राहिलोच. नग्गरच्या थोडं वर भाड्याचं घर, मागे सफरचंदाची चार झाडं, आणि गोठ्याच्या जागी आता माझी सशांची शेड. अंगोरा ससे, जर्मन जातीचे. पहिली जोडी गारसाच्या सरकारी केंद्रातून आणली होती, आणि साबण मी त्याच्या आधीपासून करते. लोक विचारतात साबण आणि ससे हे काय कॉम्बिनेशन, तर सांगते. सशाची लोकर दर अडीच महिन्यांनी कात्रीने कापायची, त्यातली लांब लोकर सूत काततात त्यांना जाते, पोटाखालची आणि पायाजवळची आखूड गुंतलेली लोकर कोणी घेत नाही. ती मी साबणाच्या वडीभोवती गुंडाळते आणि गरम पाण्यात हाताने चोळून चोळून तिचं फेल्ट करते, की साबणाला घट्ट कव्हर बसतं आणि घासणी वेगळी लागत नाही. अंगोरा इतका पटकन जमतो की बघत राहावं. टुरिस्ट लोकांना हा साबण फार आवडतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकते कारण ती मला मनापासून लागते. २०१३ मध्ये चीनमधल्या फार्मचे व्हिडिओ आले होते, जिवंत सशाची लोकर उपटतानाचे, त्यातली किंकाळी अजून कानात आहे. त्यानंतर बऱ्याच मोठ्या ब्रँडनी अंगोरा घेणंच बंद केलं, आणि बरोबर केलं. पण जर्मन अंगोराची लोकर आपोआप गळत नाही, ती कापावीच लागते, नाही कापली तर गाठी होतात, कातडी ओढली जाते, आणि ससा अंग चाटून चाटून केस पोटात घेतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात गेलेले केस वरून बाहेर येऊच शकत नाहीत. म्हणून कात्री, मांडीवर शांत बसलेला ससा, आणि हातात वेळ, एवढंच लागतं. उपटायची गरज कुठेच नाही.

तर शनिवारी, ८ जुलैला पाऊस सुरू झाला तो थांबेचना. रविवारी सकाळीही तेच. पाऊस आम्हाला साताऱ्यात काय नवीन, पण इथे डोंगर भुसभुशीत आणि खाली नदी, त्यामुळे इथला पाऊस वेगळ्याच भीतीचा असतो. हे शनिवारी कामाला मंडी शहरात गेलेले, रविवारी सकाळी त्यांचा एक फोन आला की रस्ता बंद होतोय, मी इथेच थांबतो, तुम्ही घराबाहेर पडू नका, आणि मग नेटवर्क गेलं. घरात मी, माझी आठवीतली मुलगी, आणि शेडमध्ये ससे.

मी साबणाला बसले होते. ऑर्डर होती आणि तेलं वजन करून ठेवलेली. माझा नेहमीचा साबण म्हणजे १ किलो तेलात ५०० ग्रॅम ऑलिव्ह, ३०० खोबरेल, १५० चुलीचं तेल म्हणजे इथल्या रानजर्दाळूच्या बियांचं, आणि ५० एरंडेल. याला १४१ ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो, त्यात पाच टक्के तेल जास्तीचं सुटं राहतं म्हणून कातडी कोरडी पडत नाही. प्रत्येक तेलाला कॉस्टिक वेगळं लागतं, खोबरेलला सगळ्यात जास्त, म्हणून तेल बदललं की हिशोब परत मांडायचा, अंदाजाने कधीच नाही. आणि कॉस्टिक पाण्यात टाकायचं, पाणी कॉस्टिकवर कधी ओतायचं नाही, उसळून तोंडावर येतं. भांडं स्टीलचं, अ‍ॅल्युमिनियमचं चालत नाही. हे मी शिकायला येणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दहा मिनिटांत सांगते, मग बाकीचं.

ब्लेंडर फिरवायला घेतला, मिश्रण नुकतं दाट व्हायला लागलं होतं आणि लाईट गेली. मग हाताने व्हिस्क. ऑलिव्ह जास्त असलेला साबण हाताने ट्रेसला यायला, म्हणजे ओतण्याइतका दाट व्हायला, किती वेळ घेतो हे ज्यांनी केलंय त्यांनाच माहीत, मुलगी आणि मी आलटून पालटून फिरवत होतो आणि बाहेर नदीचा आवाज वाढत होता. नुसतं पाणी नाही, पाण्याखालून मोठे मोठे दगड घरंगळत जातात त्याचा आवाज, तो कानाला कमी आणि पायाला जास्त कळतो, फरशी थरथरते. शेवटी साबण मोल्डमध्ये ओतला, मोल्ड थर्माकोलच्या मोठ्या बॉक्समध्ये, वरून झाकण आणि जुनी गोधडी. ओतल्यावर काही तासांनी साबण आतून स्वतःच तापतो, साठ-सत्तर डिग्रीपर्यंत जातो, त्याला जेल फेज म्हणतात, ती उष्णता धरून ठेवायला हा बॉक्स.

संध्याकाळी पाचच्या सुमारास शेडमध्ये गेले. कापशी नावाची माझी मादी, तिचं पहिलंच बाळंतपण, दिवस भरलेले. सशीला साधारण एकतीस दिवस लागतात. पेटी आधीच लावून ठेवली होती, त्यात सुकं गवत, आणि ती स्वतःच्या पोटाची लोकर काढून घरटं करत होती हे सकाळी बघितलं होतं. आता बघते तर पेटीत लोकरीचा ढीग हलतोय, म्हणजे आत पिल्लं आहेत, पण जाळीवर पेटीच्या बाहेर चार पिल्लं पडलेली. पहिलटकरणीचं होतं असं, अर्धी आत अर्धी बाहेर. आणि ससा मांजरासारखा पिल्लाला तोंडात धरून आत नेत नाही, बाहेर पडलं ते पडलं. शेडचं एका बाजूचं पत्र्याचं छप्पर वाऱ्याने उचललं गेलं होतं आणि पावसाचे तुषार थेट त्या जाळीवर.

सशाचं नवजात पिल्लू कधी बघितलंय का? पन्नास-साठ ग्रॅमचं, अंगावर एक केस नाही, डोळे बंद, गुलाबी कातडीतून आतलं सगळं दिसतं. स्वतःची उष्णता धरायची ताकदच नसते त्याच्यात, ते सगळं घरट्यावर आणि भावंडांवर. ही चार तर गुलाबी सुद्धा नव्हती, करडी पडलेली, हातात घेतली तर ओल्या दगडासारखी गार. मुलगी रडायला लागली, आई मेली गं सगळी.

शेजारच्या चाची छप्पर धरायला आल्या होत्या, त्यांनी आयुष्यभर शेळ्या-मेंढ्या केल्यात. त्यांनी एक उचललं, पोटाला अंगठा लावला आणि म्हणाल्या, "बेटा, मरा नहीं है, ठंडा है. पहले गरम कर, फिर बोल." मला हेच केंद्रातल्या ट्रेनिंगमध्येही सांगितलं होतं, की गार पिल्लाला मेलं समजायचं नाही आणि गार असताना तोंडात दूधही घालायचं नाही, पोट चालत नसतं तेव्हा, आधी फक्त ऊब.

पण ऊब आणायची कुठून? लाईट नाही म्हणजे बल्ब नाही, हीटर नाही. तंदूर, म्हणजे खोली तापवायची इथली लाकडाची शेगडी, पेटवायला घेतला असता तर लाकडं ओली. गॅस होता, पाणी तापवता येत होतं. आणि तेव्हा मला साबण आठवला. गोधडी काढून झाकण उघडलं तर आतली हवा तोंडावर वाफेसारखी आली. मोल्ड उचलून बाहेर ठेवला, कच्चा साबण पिल्लांच्या जवळपासही नको, त्यात कॉस्टिक अजून पूर्ण मुरलेलं नसतं. बॉक्स आतून फडक्याने दोनदा पुसला, तळाला जाड टॉवेल, त्याखाली गरम पाण्याच्या दोन बाटल्या मोज्यात घालून, आणि साबणाचा थर्मामीटर आत उभा. छत्तीस दाखवत होता. मला तेवढंच पाहिजे होतं.

चार पिल्लं टॉवेलवर ठेवली. पेटीतली तीन तपासली, ती गरम होती, पण त्यातल्या एकाचा मागचा पाय सुजून जांभळा झालेला. टॉर्चच्या उजेडात जवळून बघितलं तर अंगोराचा एकच लांब धागा, घोट्याला दोन-तीन वेढे. ही अंगोराची खास भीती आहे. साध्या सशीच्या घरट्यातली लोकर आखूड असते, तिच्यात पिल्लू अडकत नाही, पण अंगोराची लोकर लांब, आणि पिल्लं सारखी वळवळतात, तो धागा पायाला नाहीतर मानेला फास बसतो. म्हणून मादीने लोकर काढली की आपण ती उचलून बारीक कापायची, दोन-तीन सेंटिमीटरची, आणि परत घालायची. ते काम त्या गडबडीत अजून व्हायचं होतं. एक केस बारा-तेरा मायक्रॉनचा, माणसाच्या केसाच्या पाव जाडीचासुद्धा नाही, तो सुजलेल्या कातडीत रुतलेला, आणि टॉर्च मुलीच्या हातात. मी तिला म्हटलं, तू फक्त हात हलवू नकोस. फेल्टिंगची बारीक टोकाची कात्री, टोक वर करून, कातडी आणि धाग्याच्या मधे सरकवली. पहिल्यांदा सुटला नाही. मग सुईने धागा जरा उचलला आणि कापला, तेव्हा सुटला. पिल्लू असं किंचाळलं की कापशी पिंजऱ्यात पाय आपटायला लागली.

मग बसून सगळी लोकर कापली, कापशीची आणि मागच्या कातरणीतली आखूड उरलेली पण, ती कोरडी होती.

पाऊण तासाने मुलगी ओरडली, आई हे हलतंय. टॉवेलवरचं एक पिल्लू पाय ताणत होतं. मग दुसरं. करड्या कातडीवर आधी कानाजवळ आणि मग पोटावर गुलाबी रंग चढत जातो, तो मी डोळ्यांनी बघितलाय. तिसऱ्याला दीड तास लागला. चौथं नाही आलं. चाचींनी त्याला सफरचंदाच्या झाडाखाली नेलं, मुलगी बरोबर गेली.

सहाही पिल्लं एकत्र पेटीत घातली, कापलेल्या लोकरीत खोल. पेटी घरात आणली, रात्रभर बाटल्या बदलत राहिलो. सशी पिल्लांवर बसून राहत नाही, चोवीस तासांत एकदा, बहुतेक पहाटे, तीन-चार मिनिटं दूध पाजते आणि निघून जाते, लोकांना वाटतं आई निष्ठुर आहे, पण रानात तिच्या वासाने शिकारी येऊ नये म्हणून तिचं ते शहाणपण आहे. पहाटे पेटी कापशीकडे नेली, ती आत गेली, पाठ कमान करून उभी राहिली आणि पाजून बाहेर आली. मग एकेक पिल्लू उलटं करून बघितलं. पोटं टम्म, आणि कातडीतून आतलं दूध पांढरं पट्ट्यासारखं दिसत होतं, सहाच्या सहा जणांत. पाय सुजलेल्याचंही.

पुढचे दिवस जड होते. लाईट नाही, हायवे जागोजागी वाहून गेलेला, पेलेट फीड म्हणजे सशांचं गोळ्यांचं खाद्य येणं शक्य नाही, घरात होतं त्या पोत्यालाही ओल लागायला लागली. बुरशी लागलेलं फीड सशाला कधीच द्यायचं नाही. तुतीची पानं, ज्या एका झाडावर औषध मारलं नव्हतं त्या सफरचंदाच्या डहाळ्या, आणि सुकं गवत चुलीजवळ वाळवून, असं भागवलं, पेलेट रोज थोडे कमी करत, एकदम बदल केला तर सशाचं पोट बंद पडतं आणि मग जनावर हातातून जातं. मी सकाळ-संध्याकाळ फक्त लेंड्या बघत होते, मोठ्या, गोल, कोरड्या आहेत ना, तेवढं एक कळलं की सशाचं बाकी सगळं कळतं.

हे पाचव्या दिवशी आले, अर्धा रस्ता मिळेल त्या गाडीने, अर्धा चालत. मंडीच्या पंचवक्त्र मंदिराला पुराने वेढल्याचा तो व्हिडिओ तुम्ही सगळ्यांनी पुराच्या वेळीच बघितला असेल, आम्ही तो नेटवर्क आल्यावर बघितला, आणि हे त्याच गावात होते हे तेव्हा नीट कळलं. सासूबाई फोनवर काहीच बोलू शकल्या नाहीत.

साबणाचं म्हणाल तर तो जेल होताना मधेच बाहेर काढल्यामुळे प्रत्येक वडीच्या मधोमध गडद, पारदर्शक असं वर्तुळ आलं, कडेला फिका. त्याने काही बिघडत नाही, सहा आठवडे क्युरिंग करून म्हणजे हवेत वाळवून मुरवून, पीएच तपासून दिला. ज्यांनी विचारलं त्यांना वर्तुळ कशाचं ते सांगितलं.

पुण्या-नाशिकहून अजूनही मेसेज येतात, आम्हाला बाल्कनीत अंगोरा पाळायचेत. मी सरळ नाही म्हणते. तिशीच्या वर पारा गेला की हा ससा धापा टाकतो, अंगावर लोकरीचा कोट, घाम येत नाही, मुख्यतः कानांतूनच उष्णता बाहेर जाते. साबण शिका, तो कुठेही होतो. ससा त्याच्या हवेत राहू दे.

शेडचं छप्पर आम्ही त्याच ऑगस्टमध्ये नवीन घातलं, पेट्यांची पुढची फळी उंच केली म्हणजे आचळाला लोंबकळत पिल्लू बाहेर ओढलं जात नाही, आणि एक वेगळा थर्माकोल बॉक्स फक्त पिल्लांसाठी ठेवलाय, त्यात टॉवेल, मोजे, सुई, कात्री, थर्मामीटर. कापशी पुढच्या मार्चमध्ये परत व्याली. आठ पिल्लं, सगळी पेटीत, आणि लोकर कापायचं काम मुलीने माझ्या आधी उठून करून ठेवलं होतं.